सहावी ते आठवी: इंग्रजीची गोष्ट आणि कविता वर्गात कोणत्या क्रमाने घ्यायची

साताऱ्यातली शाळा असो की जतमधली, मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजीचा धडा बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने उरकला जातो. सर एक ओळ वाचतात, लगेच तिचं मराठी सांगतात, मग पुढची ओळ. धडा संपला की फळ्यावर शब्दार्थ, त्यानंतर प्रश्नोत्तरं उतरवून घेणं. वह्या पूर्ण होतात, घटक चाचणीत तीच उत्तरं लिहून मार्कही पडतात. पण आठवीच्या त्याच मुलापुढे पुस्तकाबाहेरचा आठ ओळींचा उतारा ठेवला की तो म्हणतो, "सर, हे घेतलंच नाही."

बरोबरच आहे त्याचं. वर्षभर त्याने सरांचं मराठी ऐकलं, इंग्रजी वाचायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. चूक बहुतेक वेळा क्रमात असते, म्हणून हा लेख सगळा क्रमाबद्दल आहे. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिका धरल्यात: गोष्टीला पाच, कवितेला तीन. वेळ कमी-जास्त झाला तर चालेल, टप्पे मागे-पुढे करू नका. घरी शिकवणारे पालक आणि क्लास घेणारे यांनाही हाच क्रम लागू आहे.

## वर्गात जाण्यापूर्वीची तयारी

1. धडा घरी मोठ्याने वाचा. मनात वाचून भागत नाही. कुठे थांबायचं, कोणतं वाक्य हळू घ्यायचं, कुठे आवाज चढवायचा, हे पेन्सिलीने पुस्तकातच खुणा करून ठेवा. जिथे जीभ अडखळते तो शब्द मोबाइलवरच्या शब्दकोशात ऐका.

आपल्याकडे सर्वांत जास्त घोळ होतो तो भूतकाळी क्रियापदांच्या शेवटी येणाऱ्या 'ई-डी'चा. 'वॉकेड', 'लाफेड' असं सर्रास वाचलं जातं. याचे उच्चार तीन आहेत. 'वॉक', 'लाफ', 'वॉश' यांच्यानंतर 'ट' येतो: वॉक्ट, लाफ्ट, वॉश्ट. 'प्ले', 'कॉल', 'ओपन' यांच्यानंतर 'ड': प्लेड, कॉल्ड, ओपन्ड. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड चा उच्चार असेल तरच 'इड': वॉन्टिड, नीडिड. गोष्टी बहुतेक भूतकाळातच असतात, त्यामुळे हे एवढं सुधारलं तरी वाचन निम्मं सुधारतं.

2. शब्दांची चाळणी करा. धड्यात तीस अवघड शब्द असले तरी तीसच्या तीस फळ्यावर लिहायचे नाहीत. ज्यांच्यावाचून गोष्टच अडते असे पाच-सहा आधी सांगायचे. आजूबाजूच्या वाक्यांवरून अंदाज येईल असे शब्द मुलांवर सोडायचे. उरलेले चक्क सोडून द्यायचे. कुठल्याशा झाडाचं किंवा कापडाच्या प्रकाराचं नाव कळलं नाही म्हणून काही बिघडत नाही.

3. परक्या हवेचा गोंधळ आधीच ओळखा. इंग्लंडमधल्या कवितेत 'समर' येतो तो सुखाचा: दिवस मोठा, ऊन हवंहवंसं. माण किंवा आटपाडीच्या पोराला उन्हाळा म्हटलं की टँकर आठवतो. तिकडच्या कवितेत पाऊस अनेकदा मन उदास करायला येतो, आपल्याकडे तो आला की गाव बाहेर पडतं. तिकडे घुबड शहाणं, इकडे ते घरावर बसलं तर आजी हाकलायला धावते. हे दोन मिनिटांत सांगून टाका, नाहीतर मुलं कवितेचा अर्थ नेमका उलटा लावतात. बर्फ सांगायचा असेल तर थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात तिथून सुरुवात करा. फुलांचं माळरान सांगायला कास आहेच, फक्त कासला फुलं पावसाळा सरताना येतात आणि तिकडचा 'स्प्रिंग' कडाक्याच्या थंडीनंतर येतो, हा फरक सांगायला विसरू नका.

4. अख्ख्या धड्यासाठी एकच मोठा प्रश्न ठरवा. ज्याचं उत्तर एका ओळीतून उचलता येणार नाही, असा. 'शेवटी त्याने खरं का सांगितलं?' या धर्तीचा. तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून पाचही तासिका तसाच ठेवायचा.

*तपासणी:* पुस्तक मिटून ती गोष्ट साध्या इंग्रजीत चार वाक्यांत तुम्हाला सांगता येते का? येत नसेल तर अजून एकदा वाचा. मुलांकडून शेवटी हेच करून घ्यायचं आहे.

## गोष्ट: पाच तासिका

### टप्पा 1: शीर्षक आणि चित्र, पाच मिनिटं

शीर्षक वाचा, चित्र दाखवा, 'काय होईल वाटतं?' विचारा. मराठीत सांगू द्या. दोन-तीन अंदाज फळ्यावर टिपा आणि पुढे चला. इथे गोष्टीचा सारांश सांगायचा मोह होतो. सांगितला की संपलं, पुढे वाचायला मुलांना कारणच उरत नाही.

### टप्पा 2: शिक्षकाने सलग वाचायचं

पहिलं वाचन तुमचं. पुस्तकं मिटलेली, मुलं फक्त ऐकतायत. दुसरं वाचनही तुमचंच, या वेळी पुस्तकं उघडी आणि बोट ओळीवर. मध्ये मराठी नाही, शब्दार्थ नाही. गोष्ट जिथे वळण घेते तिथे एकदाच थांबून 'व्हॉट हॅपन्स नेक्स्ट?' विचारायचं.

'सगळं डोक्यावरून जाईल' ही भीती बहुतेक सरांना असते. जात नाही. निम्मं कळतं, आणि उरलेलं निम्मं काय असेल याची उत्सुकता राहते. ती राहायलाच हवी.

इशारा: पहिल्याच दिवशी 'चल, तू वाच, आता तू' सुरू करू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे उच्च प्राथमिकला 35 मुलांमागे एक शिक्षक. प्रत्येकाने एक मिनिट वाचायचं म्हटलं तरी अख्खी तासिका गेली, आणि त्यातली चौतीस मिनिटं प्रत्येक पोर आपली पाळी कधी येते हे मोजत बसतं. मुलांचं प्रकट वाचन चौथ्या टप्प्यानंतर, जोड्यांत. एक वाचतो, दुसरा बोट धरतो, मग अदलाबदल.

### टप्पा 3: कोण, कुठे, काय झालं

तीनच प्रश्न. मराठीत उत्तर चालेल. वर्गात मराठीवर बंदी घालणारे शिक्षक आहेत आणि ओळन् ओळ मराठीत सांगणारेही आहेत. दोन्ही टोकं सोडा. एक साधा नियम ठेवा: विचार मराठीत, पुरावा इंग्रजीत. मुलगी म्हणाली, 'तो घाबरला होता', की पुढचा प्रश्न: 'कुठल्या शब्दावरून कळलं? बोट ठेव आणि वाचून दाखव.' ती वाचेल ते इंग्रजीच असेल.

जत तालुक्याच्या सीमेकडच्या वर्गांत घरी कन्नड बोलणारी मुलं असतात. तिथे 'विचार कन्नडमध्ये' चालू द्या, शेजारचं पोर मराठीत सांगतं. पुरावा इंग्रजीतच.

### टप्पा 4: शब्दांचा अंदाज

दुसरी तासिका इथे जाते. आधी चाळून ठेवलेल्या शब्दांपैकी चार-पाच घ्या. प्रत्येक शब्दाला तीन गोष्टी विचारायच्या: हे काहीतरी करणं आहे, वस्तू आहे की गुण? आधीच्या-नंतरच्या वाक्यात काय चाललंय? इथे कुठला मराठी शब्द बसेल? मुलांनी अंदाज वहीत पेन्सिलीने लिहायचा, नंतर शब्दकोशात बघायचं.

अंदाज जवळपास आला तरी शाबासकी द्या. 'ओढत नेलं' ऐवजी 'नेलं' म्हटलं तर गोष्ट अडत नाही. चुकीच्या अंदाजावर मात्र लगेच बरोबर अर्थ सांगू नका. 'तुझा अर्थ या वाक्यात घालून वाच बघू,' म्हणा. बहुतेक वेळा ते पोर स्वतःच हसतं आणि बदलतं.

*तपासणी:* एखादं पोर गाईडमधला अर्थ घडाघडा सांगत असेल तर त्याला तोच शब्द घालून स्वतःच्या घरातलं वाक्य करायला सांगा. तिथे कळतं.

### टप्पा 5: ओळीमागचं वाचन

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बहुतेक वर्गांत नेमका हाच टप्पा गळतो, कारण गाईडमध्ये तो नसतो आणि उत्तर एकच निघत नाही.

समजा गोष्टीत अशी वाक्यं आहेत (ही मी उदाहरणापुरती रचली आहेत):

*रवी पुट द बिग मँगो बॅक. 'दिस वन इज फाइन,' ही सेड, अँड पिक्ट अप द स्मॉल वन. ही डिड नॉट लुक ॲट हिज सिस्टर.*

नेहमीचा प्रश्न असतो: रवीने कुठला आंबा उचलला? उत्तर: लहान. ओळ बघून उतरवलं, काम झालं. इथे थांबायचं नाही. पुढचा प्रश्न टाका: 'त्याला लहानच हवा होता का?'

वर्ग हमखास 'हो' म्हणतो. 'तोच म्हणाला ना, फाइन आहे!' मग विचारा, 'माणूस म्हणतो ते नेहमी खरंच असतं का? त्याने आधी काय केलं? नंतर काय केलं?' आता कुणीतरी 'बॅक'वर बोट ठेवतं: म्हणजे मोठा आधी हातात घेतला होता. दुसरं कुणीतरी शेवटच्या वाक्यावर येतं: बहिणीकडे बघितलं नाही. का नाही बघितलं? उत्तरं येऊ लागतात. पैसे कमी पडले. बहिणीला मोठा आंबा कबूल केला होता. तिच्यासमोर लाज वाटली. आठवडी बाजारात आईबरोबर गेलेल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही.

ही सगळी उत्तरं चालतील, कारण प्रत्येकाला मजकुरात आधार आहे. पण 'त्याला आंबा आवडत नाही' हे उत्तर चालणार नाही, त्याला कुठेच बोट ठेवता येत नाही. 'सगळी मतं बरोबर' असं म्हणून सोडून दिलं तर मुलं काहीही ठोकायला शिकतात, आणि एकच उत्तर बरोबर धरलं तर ती तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. निवाडा बोट करतं.

या टप्प्याला एकच वाक्यरचना फळ्यावर द्या: *आय थिंक … बिकॉज द स्टोरी सेज …* पहिली रिकामी जागा मुलाची, दुसरी पुस्तकाची. मोडक्या इंग्रजीत आलं तरी घ्या. बोलताना व्याकरण सुधारत बसू नका. तुम्ही तेच वाक्य नीट करून एकदा म्हणा आणि पुढे सरका.

इशारा: 'तात्पर्य काय?' हा प्रश्न इथे आणू नका. 'खरं बोलावं', 'कष्ट करावेत' अशी तयार उत्तरं मुलांच्या खिशात असतात. ती बाहेर आली की गोष्टीवरचा विचार तिथेच थांबतो.

### टप्पा 6: गोष्ट परत सांगणं

फळ्यावर गोष्टीतली सहा क्रियापदं भूतकाळात, घडलेल्या क्रमाने लिहा. पुस्तकं बंद. एकेका मुलाने एकेक वाक्य जोडत गोष्ट पुढे न्यायची. नाट्यीकरण करायचं असेल तर याच्यानंतर, एकाच प्रसंगाचं. आधी केलं तर पाठ केलेले संवाद ऐकायला मिळतात.

### टप्पा 7: प्रश्नोत्तरं, सगळ्यांत शेवटी

आता वही उघडायची. पाठाखालचे प्रश्न आधी तोंडी, जोड्यांत, मग लेखी. प्रत्येक मुलाचं निदान एक उत्तर त्याच्या स्वतःच्या वाक्यात हवं. फळ्यावरून उतरवलेलं उत्तर आणि स्वतः लिहिलेलं उत्तर यांना वेगळी खूण करा. पालकसभेत वही दाखवताना याचा उपयोग होतो, कारण स्वतः लिहिलेल्यात चुका जास्त दिसतात आणि 'तपासलं नाही का?' असा प्रश्न येतोच. मोठ्या प्रश्नाचं उत्तरही आज.

## कविता: तीन तासिका

कवितेत क्रम आणखी कडक पाळावा लागतो. मराठी कविता आपण आधी चालीवर म्हणतो, अर्थ नंतर लागतो. इंग्रजी कवितेला मात्र पहिल्याच मिनिटाला 'दुसऱ्या कडव्यात कवी म्हणतात की' सुरू होतं.

इथेही चार ओळी रचून घेऊ:

*द रेन हॅज कम टू आवर टिन रूफ टुनाइट,*
*इट टॅप्स अँड इट टॉक्स टिल द मॉर्निंग लाइट.*
*माय ग्रँडमा सेज इट इज काउंटिंग द ग्रेन,*
*आय थिंक इट इज कॉलिंग माय फादर अगेन.*

### टप्पा 1: तीनदा ऐकणं

पहिल्यांदा फक्त ऐकायचं. दुसऱ्यांदा डोळे मिटून. तिसऱ्यांदा बोटाने बाकावर ठेका. अर्थाबद्दल अवाक्षर नाही. ठेका पकडला की 'टॅप्स'चा अर्थ सांगायची गरज बहुधा उरत नाही, बाकावर तोच आवाज चाललेला असतो.

इशारा: प्रत्येक ओळीच्या शेवटी ठरावीक हेल काढून थांबू नका. अर्थ पुढच्या ओळीत वाहत असेल तर आवाजही वाहू द्या. विरामचिन्हं बघा.

### टप्पा 2: म्हणणं

वर्गाचे दोन गट, एक ओळ या गटाची, एक त्या गटाची. मग हळू आवाजात, मग मोठ्याने. दहा मिनिटांत निम्म्या मुलांची कविता पाठ होते. घरी 'पाठ करून या' सांगावं लागत नाही.

### टप्पा 3: काय दिसतं, काय ऐकू येतं

प्रत्येकाने वहीत एक चित्र किंवा एक शब्द. पत्र्याचं छप्पर, आजी, धान्य, रात्र. इथे शब्दार्थ सांगायचे, तेही विचारले तर.

### टप्पा 4: कोण बोलतंय?

'कवी म्हणतो' ही सवय मोडायची जागा हीच. या चार ओळींत बोलणारं एक लहान मूल आहे. रचणारा मोठा माणूस असेल, पण बोलतंय मूल. हा भेद सहावीतल्या मुलालाही कळतो. नाटकातलं पात्र आणि नाटक लिहिणारा वेगळे, एवढं सांगितलं की पुरे.

मग विचारा: वडील कुठे आहेत? कविता सांगत नाही. मिलिटरी अपशिंग्याच्या बाजूचं मूल म्हणेल, 'पोस्टिंगवर.' पाटण-जावळीकडचं म्हणेल, 'मुंबईला.' कुणी दबक्या आवाजात म्हणेल, 'वारले असतील.' तिन्ही शक्य आहेत. पुन्हा बोटाचा नियम लावा: 'अगेन'वर बोट ठेवलं तर काय कळतं? पाऊस याआधीही बोलावत होता, म्हणजे वडील बरेच दिवस घरी नाहीत. एवढंच मजकूर सांगतो. त्याच्या पुढचं प्रत्येकाचं आपापलं.

अशा वेळी वर्गात खरोखरच वडील नसलेलं मूल असू शकतं. त्याला मुद्दाम उठवून विचारू नका, हात वर केला तर बोलू द्या.

आजी आणि मूल एकाच आवाजाचे दोन अर्थ लावतात, हेही विचारा. आजीला धान्य का आठवतं? तासाभराची चर्चा याच्यावर होते, आणि शेतकऱ्याच्या घरातली पोरं इथे मागे नसतात.

### टप्पा 5: यमक आणि अलंकार

यमक कानाने शोधायचं, अक्षरांवरून नाही. इंग्रजीत स्पेलिंग सारखं असून उच्चार वेगळा, आणि उच्चार सारखा असून स्पेलिंग वेगळं, हे दोन्ही होतं. 'टुनाइट-लाइट', 'ग्रेन-अगेन', म्हणून रचना ए-ए-बी-बी.

अलंकाराचं नाव शेवटी. आधी विचारा: पाऊस खरंच बोलतो का, मोजतो का? मग कुणासारखं वागतोय? माणसासारखं. आता सांगा, याला 'पर्सॉनिफिकेशन' म्हणतात, तुमच्या मराठीतला चेतनगुणोक्ती अलंकार. नाव आधी दिलं की मुलं प्रत्येक कवितेत तेच नाव चिकटवत सुटतात. पुढे दहावीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण लिहावं लागतं: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. त्याची पूर्वतयारी म्हणून आठवीत हे मुद्दे एकेका वाक्यात लिहून घ्या, त्याहून जास्त नको.

### टप्पा 6: दोन ओळी स्वतःच्या

'द रेन इज …' किंवा 'द विंड इज …' असा साचा देऊन दोन ओळी. यमक जुळलंच पाहिजे असा आग्रह धरू नका, जुळवण्याच्या नादात मुलं अर्थ सोडून देतात.

## अडचणीचे वर्ग

जोडवर्ग. डोंगरी भागात सहावी-सातवी एकत्र बसतात. कविता दोन्ही वर्गांना एकत्र घ्या, एका आठवड्यात सहावीची, पुढच्यात सातवीची. टप्पा 1 ते 4 सगळ्यांना, लेखन इयत्तेप्रमाणे. गोष्टी मात्र वेगळ्याच घ्याव्या लागतात.

मधूनच आलेली मुलं. ऊसतोड सुरू झाली की दिवाळीच्या आगेमागे बीडकडची मुलं वर्गात येतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांना अर्धा झालेला धडा समजावत बसू नका. आल्याच्या आठवड्यात कविता घ्या, ती स्वतंत्र असते, मागच्या धड्यावर अवलंबून नसते, सगळे एकाच रेषेवर येतात. गोष्ट चालू असेल तर सहावा टप्पा त्यांच्यासाठी पुन्हा एकदा करून घ्या, सांगणारी मुलं वर्गातलीच.

अक्षरच न लागणारी मुलं. आठवीतही असतात. वाचन वेगळ्या वेळी शिकवा, पण ऐकणं, म्हणणं, अंदाज, चर्चा यांतून त्यांना वगळू नका. पाचव्या टप्प्यात कधीकधी सगळ्यांत चांगलं उत्तर त्यांच्याकडूनच येतं.

## शेवटची चाचणी

धडा संपल्यावर त्याच धड्यावर चाचणी घेऊन पाठांतर मोजलं जातं. त्याऐवजी तेवढ्याच अवघड दुसऱ्या गोष्टीतल्या सात-आठ ओळी फळ्यावर लिहा. आधी कुणी वाचलेल्या नसाव्यात. तीन प्रश्न: एक थेट ओळीतला, एक ओळीमागचा, आणि एका अनोळखी शब्दाचा अंदाज. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला अर्धे मार्क उत्तराला, अर्धे पुराव्याच्या शब्दाला.

पहिल्या सत्रात निकाल पडलेला असतो, तो मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा. कुठला प्रश्न जास्त मुलांचा चुकला ते बघा. थेट प्रश्न चुकला तर दुसऱ्या टप्प्याला वेळ कमी पडलाय, शब्दाचा चुकला तर चौथ्याला. ओळीमागचा चुकत असेल तर पुढच्या धड्याला पाचवा टप्पा अर्धी तासिका वाढवा, आणि ती सातव्या टप्प्यातून काढा.